बिरोबानं धरलेलं चाक

रविवारी जेवण उरकून सूर्यभाननं गारखेड्यातल्या आपल्या गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं, वाकून आत गेला आणि पोत्यात सामान भरायला लागला. जॅक, पाना, पान्याला जोड द्यायचा लांब पाइप, घण, लाकडाचे ठोकळे. शेवटी घासलेटची बाटली घेतली, तिच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबला आणि पोतं स्कूटरच्या मागं करकचून बांधलं. काम तसं किरकोळ होतं. जुन्या पिकअपचं गंजून बसलेलं चाक काढायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. असली चाकं त्यानं इतकी काढली होती, की झोपेतून उठवून पाना हातात दिला तरी त्यानं नट बरोबर हुडकला असता.

फक्त ही गाडी त्याच्या थोरल्या भावाची, मुंजाबाची होती. आणि वाचा जाण्याआधी मुंजाबानं घरात सगळ्यांना एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, की त्या चाकाला कुणी हात लावायचा नाही.

मुंजाबाचा मेंढवाडा वाळूजच्या पलीकडं होता, कारखान्यांच्या भिंती संपतात तिथं. संपतात म्हणायचं तेही तेवढ्यापुरतंच. दरवर्षी त्या भिंती चार शेतं पुढं सरकत आल्या होत्या आणि आता मेंढवाड्याची जागाही गेली होती. सोमवारी मशीन येऊन सगळं सपाट करणार होतं. मेंढरं सोयगावला पाहुण्यांकडं पोचती झाली होती, चार-पाचच काय ती उरली होती. आजारी भावाला आणि वहिनीला सूर्यभान आपल्या घरी नेणार होता. गाडी भंगारात जाणार होती. पण वहिनी, दगडाबाई, हटून बसल्या होत्या. गाडी गेली तर जाऊ द्या, चाक मला पाहिजे.

या हट्टाला कारण होतं, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

निम्मी मेंढरं विकून मुंजाबानं तो जीपच्या घडणीचा पिकअप घेतला होता, शहरात दूध आणि लोकर पोचवायला. गाडी घेऊन वर्षही झालं नसेल, तोच अठ्ठ्याहत्तरची दंगल पेटली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, आणि कालपर्यंत एका बांधावर बसून भाकरी खाणारी माणसं शेजाऱ्यांची घरं जाळायला निघाली. गावचे आप्पासाहेब त्या संध्याकाळी मुंजाबाच्या दारात आले. गावाबाहेरच्या दलितवस्तीवर, भीमनगरावर, माणसं आणि घासलेटचे डबे न्यायला त्यांना गाडी हवी होती. आप्पासाहेबांना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. पण मुंजाबानं हात जोडले आणि सांगितलं, मालक, चाक जाम झालंय, गाडी जागची हलत नाय. आप्पासाहेब शिव्या देत गेले. रात्री भीमनगर जळालं.

हे सगळं मुंजाबानंच सांगितलेलं. त्या रात्री घरात दुसरं कुणी नव्हतं. वहिनी माहेरी होत्या, आणि सूर्यभान सोयगावात एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होता. दोन दिवसांनी तो धावत आला, तेव्हा गाडी मेंढवाड्यात उभी होती. मागचं डावं चाक त्यानं दोन्ही हातांनी धरून ओढलं, लाथ घालून पाहिली, पहार लावून पाहिली. चाक तसूभर फिरलं नाही. मग पोलीस आले तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की मी मिस्त्री आहे, मी स्वतः बघितलंय, ही गाडी हलणारी नाही. पोरसवदा मिस्त्री होता, पण बोलला मोठ्या तोऱ्यात. गावातली माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागली. आप्पासाहेब तर त्याच साली गेले. मुंजाबाचं नाव मात्र कुठंच आलं नाही.

माहेराहून परतल्यावर वहिनींनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्या चाकाला भंडारा वाहिला. बिरोबानं धरलं हे चाक, त्या म्हणाल्या. माझ्या माणसाला त्यानं पापातून ओढून काढलं. तेव्हापासून दर रविवारी चाकावर तेल आणि भंडारा. गावातल्या बायकाही येऊन हात लावून जायच्या.

सूर्यभान पोचला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. मेंढवाड्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या सावलीत बन्सी विडी ओढत बसला होता. ठेकेदाराचा ट्रॅक्टर तो चालवायचा. गाडी ओढून न्यायला त्याला पाठवलं होतं. बन्सी मूळ भीमनगरचा. त्या रात्रीनंतर तो बायकोला घेऊन औरंगाबादला गेला तो गेलाच.

"जय भीम, सूर्यभानभाऊ," तो उठून म्हणाला.

"जय भीम. लई येळ झाला का?"

"नाय, आत्ताच आलो. वहिनीनं चहा पाजला." बन्सीनं घराकडं पाहिलं. "मुंजाबाभाऊला भेटलो. वळखलं नाय मला."

बन्सीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. त्या रात्री त्याची तान्ही मुलगी झोपडीपुढच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत निजली होती. आरडाओरडा झाला, ज्वाळा दिसल्या, माणसं काळोखात उसात पळाली. बन्सीला वाटलं पोर बायकोनं घेतली. बायकोला वाटलं बन्सीनं. पहाटे परत आले तेव्हा लिंब अर्धा करपलेला होता आणि फांदीला काही नव्हतं. झोळी नव्हती, पोर नव्हती. नवरा-बायकोनं दिवसभर राख चाळली, राखेतही काही सापडलं नाही. अजूनही कुठल्याही लिंबाखालून जाताना बन्सीची मान आपोआप वर जायची. सूर्यभाननं ते पाहिलं होतं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"संक्रांतीला विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागलं तवा गेल्तो बायकोला घिऊन," बन्सी म्हणाला. "लई रडली. म्हनली, ह्या नावापायी गेली माझी पोर, आज तिला दाखवायला पायजे व्हतं." विडी विझवून त्यानं कानावर ठेवली. "तुमच्या भावाचं मातुर आमच्या घरात नाव निघतं बरं. अख्ख्या गावात एक मानूस निघाला, की ज्यानं गाडी दिली नाय. बारशाला झोळीची दोरी बी त्यांनीच वळून दिल्ती."

सूर्यभाननं मान डोलावली. मुंजाबाच्या हातची ती दोरी गावात प्रसिद्ध होती. काळी आणि पांढरी लोकर एकत्र पिळून, मध्येच घुंगरू ओवून तो ती वळायचा. असा पीळ दुसऱ्या कुणाला जमायचा नाही.

घराच्या उंबऱ्याशी बाजेवर मुंजाबा उशीला टेकून बसला होता. दंगलीनंतर चार-सहा महिन्यांतच त्याला लकवा मारला, वाचा गेली आणि एक अंग लुळं पडलं. जागा होता तो उजवा हात. तो हात छातीशी ओढला जायचा, सैल पुढं जायचा, पुन्हा ओढला जायचा. दिवसभर, कधीकधी झोपेतही. वहिनी म्हणायच्या, मेंढरू ओढतेत ते. जन्माची सवय.

"भाऊजी," वहिनी पदरात भंडाऱ्याची पुडी बांधून बाहेर आल्या, "आधी पाया पडा. मग हात लावा."

सूर्यभान चाकाच्या पाया पडला. मनात म्हणाला, बिरोबा, तूच धरलंस, आता तूच सोड.

चाक आतल्या अंगानं पार आसापर्यंत मातीत आणि लेंड्यांत गाडलं गेलं होतं. इतक्या वर्षांचा थर. दोघांनी मिळून तो उकरला. बाहेरच्या बाजूनं नटांवर तेल आणि भंडाऱ्याचे पापुद्रे चढले होते. ते खरवडताना जुनी जखम उघडी करावी तसं सूर्यभानला झालं. आणि उकरता उकरता त्याला एक गोष्ट दिसली. सगळ्या मेंढवाड्यात लेंड्यांचा ताजा सडा होता. गाडीच्या या अंगाला मात्र बैलगाडीच्या चाकाएवढी जागा कोरडी, स्वच्छ. इथं मेंढरू बसत नव्हतं. थर होता तो सगळा जुना होता, किंवा कुणीतरी आणून लोटलेला होता.

त्यानं बाटलीचा बोळा काढला आणि नटांवर घासलेट ओतलं.

बाजेवरून आवाज आला. घशात पाणी अडकल्यासारखा, घरघरता. मुंजाबाचे डोळे ताठ झाले होते आणि हात भराभर ओढत होता.

"घासलेट कशाला आनलं वो भाऊजी!" वहिनी धावल्या. "त्यांना वास सोसत नाय. घरात कंदील सुदिक ठिवत नाय मी… गोड्या तेलाचा दिवा लावते."

"कधीपासून?"

"आजारापासनं… नाय, त्याच्याबी आधीपासनं." वहिनी बोलता बोलता थबकल्या. मग पदरानं नवऱ्याचं तोंड पुसायला लागल्या.

बन्सीनं पाना लावला आणि जोर केला. नट हलेना.

"उलटं फिरव," सूर्यभान म्हणाला. "ह्या गाडीची डाव्या अंगाची चाकं उलटी सुटत्यात."

पाइपाचा जोड दिला, दोघं लोंबकळले, आणि नट किंकाळी फोडून सुटला. एकामागून एक सगळे सुटले. जॅक लावून गाडी उचलली. चाकाला धरून आता नुसता गंज राहिला होता. सूर्यभान गाडीखाली सरकला, टायरच्या आतल्या अंगाला ठोकळा लावला आणि आडवा घण घातला.

ठप्प.

दुसरा घाव. ठप्प. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी बारीक, छुम.

"छर्रा फुटला वाटतं बेअरिंगचा," बन्सी म्हणाला.

फुटलेला छर्रा कसा वाजतो ते सूर्यभानला माहीत होतं. त्यानं तिसरा घाव घातला नाही, घण खाली ठेवला आणि कान दिला. कारखान्याचा भोंगा झाला होता, रस्ता शांत होता. ऊन तांबडं होऊन भिंतींवरून उतरत होतं. कुणीही घाव घालत नव्हतं, आणि चाकाच्या आत, छुम. थोडं थांबून, छुम. पुन्हा थांबून, छुम.

त्यानं गाडीखालूनच मान वळवून उंबऱ्याकडं पाहिलं. मुंजाबाचा हात छातीशी आला. छुम. हात पुढं गेला. हात छातीशी आला. छुम.

"बन्सी…" तो म्हणाला. "टायरवर हात ठिव जरा."

बन्सीनं तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. "हलतंय," तो पुटपुटला. "जाम हाय म्हनला ना तुमी? …पुढं-मागं हलतंय."

हलणं केसाएवढं होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं, हाताला कळत होतं. आणि आता घासलेटाच्या वासाखालून दुसराच एक वास येत होता. कोमट, गोडसर. तान्ह्या मुलाच्या टाळूवर तेल जिरवल्यावर येतो तो. सूर्यभानला चार लेकरं झाली होती, त्याला तो वास ओळखायला क्षणभरही लागला नाही. उरलेली मेंढरं कुडाला चिकटून उभी होती आणि सगळ्यांची तोंडं चाकाकडं होती.

तो सरपटत बाहेर आला. तो घाबरला होता, आणि ते लपवण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या. दादानं नको म्हनलं व्हतं. अशीच जाऊ द्या गाडी."

"आसं कसं?" वहिनी उठून आल्या. "माझा देव भंगारात घालू? भाऊजी, मला दुसरं काय हाय सांगा. लेकरू नाय, जमीन गेली, मानूस आसा. लोकं मला मान देतेत ते ह्या चाकापायी. बन्सीभाऊ माझ्या दारात बसून चहा पिले ते ह्या चाकापायी. मी सांगते, मारा."

"माझ्यानं नाय व्हायचं."

"मग सरा."

बाईनं पदर खोचला, घण उचलला. जन्मभर मेंढरं उचलून खांद्यावर घेतलेले ते हात होते. सूर्यभान आडवा गेला नाही. जायला हवं होतं, असं त्याला पुढं कायम वाटत राहिलं. वहिनी वाकल्या, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाल्या आणि चाकाच्या आतल्या कडेवर सगळ्या अंगाचा घाव घातला.

चाक सुटलं. उडी मारल्यासारखं पुढं आलं, आडवं पडलं, आणि भंडाऱ्याचा पिवळा धुरळा उठला.

धुरळा बसला तेव्हा आधी कुणाच्या ध्यानात काही आलं नाही. चाकामागचा ब्रेकचा ड्रम होता, गंजाचा गोळा. मग सूर्यभानला दिसलं, की ड्रम आणि त्याच्या मागचा पत्रा यांच्या मधल्या फटीत काहीतरी गच्च गुंडाळलेलं आहे. चिंध्या. लुगड्याच्या. वेढ्यावर वेढा बसलेला, करपलेला, तेलानं काळा झालेला. आणि त्या चिंध्यांतून एक दोरी बाहेर लोंबत होती, हातभर. तिच्यात घुंगरू होतं.

बन्सी उकिडवा बसला. दोरीचं टोक त्यानं चिमटीत धरलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि हळूहळू पुसलं. काळा धागा. पांढरा धागा. काळा धागा.

"ही… मुंजाबाभाऊची वळनी हाय," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बोलतो तसा. "ही आमची हाय."

मिस्त्री असून जे सूर्यभानला इतकी वर्षं कळलं नाही, ते आता एका दमात कळलं. चाक जाम झालं होतं म्हणून गाडी गेली नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगत आला होता. गाडी गेली होती. ती गेली होती, म्हणून चाक जाम झालं होतं. आप्पासाहेब भीमनगरावर पायी गेलेच नव्हते. आणि मुंजाबा रात्री कसाबसा तशीच गाडी ओढत घरी आणून, तिच्या अंगाला माती लोटून, मग दारात बसून राहिला होता. काळोखात त्याला झोळी दिसली नसेल, असं म्हणावं, तर दोरी लिंबाच्या फांदीला उंच बांधलेली होती. चाकाखाली ती आपणहून येत नाही. झोळी कुणीतरी सोडली होती. पोर वाचवायला सोडली, की दुसऱ्या कशाला, हे सांगणारं तोंड उंबऱ्यात बसलं होतं आणि त्याला वाचा नव्हती.

वहिनी आपल्या तळहातांकडं बघत होत्या. दोन्ही हात पिवळे झाले होते. दर रविवारी त्यांनी ज्याला ओवाळलं, ते त्यांच्या पायांशी उघडं पडलं होतं. त्यांनी हात लुगड्याला पुसले. पुन्हा पुसले. मग त्या घराकडं वळल्या. आयुष्यात नवऱ्यापुढं आवाज न चढवलेली बाई, पण त्या ओरडल्या तेव्हा मेंढरं कुडावर आदळली.

"आवो… पोर कुठं हाय?"

मुंजाबाचा हात मांडीवर उताणा पडला होता. बोटं उघडी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हात थांबला होता. डोळे चाकाकडं होते, आणि ते मिटत नव्हते. वहिनी उंबऱ्यापर्यंत गेल्या, तिथं उभ्या राहिल्या आणि आत पाऊल टाकलं नाही. जवळ जाऊन नाकाशी हात धरायची गरज कुणालाच वाटली नाही.

सूर्यभान तिकडं बघत होता. भाऊ गेला हे त्याला समजत होतं, पण रडू येत नव्हतं, आणि रडू येत नाही याची लाज वाटत होती. मागं कुठंतरी कारखान्याचे दिवे लागले. आणि मग त्याच्या कानांवर पुन्हा तो आवाज आला.

छुम.

तो वळला. बन्सी ड्रमसमोर तसाच उकिडवा बसला होता. दोरीचं टोक त्याच्या मुठीत होतं. मूठ पुढं जात होती, मागं येत होती, पुढं जात होती. छुम. छुम. झोळीतलं मूल झोपेस्तोवर बाप हलवतो तशी, सावकाश. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

सूर्यभानचा जीव कळवळला. तो जवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बन्सी… नको हलवू. सोड ती दोरी."

बन्सीनं वर पाहिलं नाही. त्याची नजर ड्रमच्या त्या फटीवर होती, जिच्यात बोटही शिरलं नसतं.

"मी कुठं हलवतोय, भाऊ," तो हळूच म्हणाला. "मी नुसती धरलीया… आतून वढतंय."